जुन्या मोटारींचे टायर : जतन आणि वापर यांतील विवेक

मुंबईत किंवा पुण्यात जुन्या मोटारींची फेरी निघाली म्हणजे रस्त्याच्या दुतर्फा जमलेल्या माणसांची दृष्टी प्रथम पितळी दिव्यांवर, मग रेडिएटरच्या माथ्यावरील मूर्तीवर आणि त्यानंतर लाकडी आरे, कातडी बैठका व चालकाच्या हाताशी असलेला रबरी भोंगा यांवर खिळते. परंतु ज्या चार चाकांच्या रबरावर हा सगळा डौल पेललेला असतो, त्याच्याकडे वाकून पाहण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. मालकांपैकीही पुष्कळांची स्थिती याहून फारशी निराळी नसते. इंजिनाची डागडुजी, पत्र्याचे रंगकाम, बैठकांचे चामडे यांवर ते सालोसाल मुक्तहस्ताने खर्च करतात. टायरांची नक्षी मात्र शाबूत दिसली की तेवढ्यावर समाधान मानून पुढे जातात. लोखंड, पितळ आणि लाकूड यांची नीट निगा राखली तर ती शतकभर सहज टिकतात, आणि वर्षानुवर्षे बंद पडून राहिलेले इंजिनही जाणत्या कारागिराच्या हाताखाली पुन्हा धडधडू लागते. रबर मात्र वापरले तर बाहेरून झिजते आणि न वापरले तर आतून बदलत राहते. जुन्या मोटारीचे टायर धावून संपण्यापूर्वी बहुधा उभ्या उभ्याच निकामी होतात. हे कसे घडते, त्याला आळा कसा घालावा, आणि जपून ठेवण्याचा टायर व रस्त्यावर धावण्याचा टायर यांत भेद का करावा, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

या विचाराला आज एक व्यावहारिक निकडही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या आणि व्यापारी कामासाठी न वापरल्या जाणाऱ्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र दर्जा दिला. त्यांच्यासाठी ‘व्हीए’ ही निराळी अक्षरमालिका ठरविली, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी व दहा वर्षांची मुदत घातली, आणि प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणण्याची मुभा दिली. म्हणजे कायद्यानेच या मोटारींच्या नशिबी वर्षातील बहुतेक दिवस उभे राहणे लिहिले आहे. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यातील सुप्रसिद्ध मेबॅक मोटार दसऱ्याच्या सोहळ्यात चौकात येते तेव्हा ती पाहण्यासाठी आबालवृद्धांची गर्दी लोटते. अशा मानाच्या मोटारीही वर्षातून मोजक्याच वेळा बाहेर पडतात. ज्या वाहनाचे आयुष्य असे विसाव्यातच जाते, त्याच्या टायरांना विसाव्यापासूनच वाचवावे लागते.

रबराचा स्वभाव समजण्यासाठी त्याच्या इतिहासाकडे थोडे वळले पाहिजे. झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होऊन पाघळते आणि थंडीत कडक होऊन तडकते, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या वस्तू काढणारे कित्येक कारखाने बुडाले. अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली रबरात गंधक मिसळून उष्णता दिली असता ते दोन्ही ऋतूंत लवचीक राहते हे ताडले आणि १८४४ साली त्या कृतीचे पेटंट घेतले. इंग्लंडात टॉमस हॅन्कॉक याने त्याच सुमारास तीच कृती सिद्ध केली. ज्या शोधावर पुढे जगाचे दळणवळण उभे राहिले त्याचा जनक गुडइयर १८६० साली कर्जबाजारी अवस्थेत मरण पावला. त्याच्या कृतीतील मर्म असे की, रबराचे लांबलचक रेणू ताटातल्या शेवयांप्रमाणे एकमेकांत गुंतलेले असतात आणि ताणले की एकमेकांवरून घसरत जातात. गंधकाचे अणू त्या रेणूंना जागोजागी गाठी मारतात, त्यामुळे ताण सुटताच सारा पसारा मूळ ठिकाणी परत येतो. परंतु या रेणूंच्या साखळीत कार्बनच्या अणूंचे काही दुहेरी बंध शिल्लक राहतातच, आणि रबराच्या ऱ्हासाचा उगम याच दुर्बल जागी आहे.

हवेने फुगविलेल्या चाकाची कल्पना प्रथम स्कॉटलंडच्या रॉबर्ट टॉम्सन याने १८४५ साली पेटंटात नोंदविली. ती विस्मृतीत गेल्यावर बेलफास्टमध्ये पशुवैद्यकी करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ साली ती नव्याने शोधून सायकलींसाठी व्यवहारात आणली, आणि फ्रान्समधील मिशलॅं बंधूंनी १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत, पुन्हा पुन्हा पंक्चरे काढीत का होईना, हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखविली. त्या काळचे टायर काळे नव्हते. रबरात जस्ताचे भस्म मिसळण्याचा प्रघात असल्यामुळे ते पांढुरके किंवा करडे दिसत; लंडनजवळच्या सिल्व्हरटाउन येथील कारखान्यात १९०४ साली रबरात काजळी मिसळली तर त्याचे बळ वाढते असे आढळून आले, आणि पुढील दशकभरात टायरांच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला आज परिचित असलेला काळा रंग चढत गेला. तेथे झिजेचा प्रश्न असल्याने तो भाग प्रथम काळा झाला व बाजू काही काळ पांढऱ्याच राहिल्या. श्रीमंती थाटाचे चिन्ह मानल्या गेलेल्या पांढऱ्या पट्ट्याच्या टायरांचे मूळ या काटकसरीत आहे.

टायरातील रबर हे केवळ त्याचे मांस होय. हाडे कापडाची असतात. आरंभीच्या टायरांत सुती कॅनव्हास असे, त्यातील आडवे-उभे धागे चाक फिरताना एकमेकांवर घासून तुटत, आणि म्हणून पुढे धागे एकाच दिशेने मांडून त्यांचे थर परस्परांना तिरपे घालण्याची पद्धत रूढ झाली. सुताची जागा पुढे रेयॉन व नायलॉन यांनी घेतली. परंतु पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या अस्सल टायराच्या पोटात आजही कापूसच आहे, आणि बाजूच्या भेगांतून दमट हवा आत शिरली की हा कापूस बाहेर काहीही न दाखविता कुजत जातो. रिमला टायर पकडून ठेवण्याची रीतही त्या काळी निराळी होती. १९२० च्या आधीच्या अनेक मोटारींत, त्यांत फोर्डची सुप्रसिद्ध ‘मॉडेल टी’ आली, टायराच्या कडेला असलेली रबरी घडी रिमच्या वळविलेल्या ओठाखाली अडकत असे आणि आतील हवेच्या दाबानेच ती जागी राहत असे. तो दाब साठ पौंडांच्या आसपास ठेवावा लागे. अशा टायराची घडी कडक होऊन चिरली, किंवा मालकाने गाडी मऊ चालावी म्हणून हवा कमी ठेवली, तर वळणावर टायर रिम सोडून निघतो. म्हणून त्या जातीच्या टायरांत नक्षीपेक्षा कड अगोदर तपासावी.

आता रबराचे शत्रू कोण ते पाहू. पहिला शत्रू हवेतील प्राणवायू. तो मंदगतीने रेणूंना चिकटतो, काहींना तोडतो, काहींना नको तितके जखडतो, आणि परिणामी रबर आपला लवचीकपणा गमावून कडक होत जाते. दुसरा शत्रू ओझोन. जमिनीलगतच्या हवेत त्याचे प्रमाण दहा कोटी भागांत काही थोडे भाग एवढेच असते, पण त्या दुहेरी बंधांना तोडण्यास तेवढे पुरते. मात्र ओझोनच्या या कृतीला एक अट आहे : रबर ताणलेले असावे लागते. मोकळ्या पडलेल्या पट्टीवर ओझोन फक्त वरचा पापुद्रा बिघडवितो. तीच पट्टी ताणून धरली की पृष्ठावर बारीक चिरा पडतात, चिरेच्या टोकाशी नवे रबर उघडे पडते, तेही तुटते, आणि भेग खोल खोल जाते. उभ्या मोटारीच्या टायराचा जमिनीलगतचा फुगवटा हा असा अहोरात्र ताणलेला भाग आहे. भेगा प्रथम तेथे का दिसतात, याचे उत्तर यातच आहे.

हे तपासण्यासाठी कोणत्याही यंत्राची जरुरी नाही. सकाळच्या तिरप्या उजेडात टायराच्या बाजूशी बसून ती जागा ओल्या फडक्याने पुसावी, कोरडी होऊ द्यावी, आणि दोन्ही अंगठ्यांनी रबर बाहेर वाकवून पाहावे. वाकविलेल्या ठिकाणी, रिमशी समांतर जाणाऱ्या, केसासारख्या बारीक पण एकाच दिशेच्या रेषा उघडल्या तर ते ओझोनचे काम समजावे, कारण अशा भेगा नेहमी ताणाच्या दिशेला काटकोनात पडतात. उलट, उन्हाकडे असलेल्या बाजूवरच जाळीसारख्या, दिशाहीन आणि उथळ भेगा असतील तर त्या प्रकाशाने व प्राणवायूने पाडलेल्या असतात. भेगेत नख शिरते का, तळाशी कापडाचा धागा दिसतो का, दोन भेगांमधील रबर दाबल्यास परत उसळते की दगडासारखे बसून राहते, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. धागा दिसत असेल तर तो टायर रस्त्यासाठी संपला, त्यावर अपील नाही.

नव्या टायराच्या बाजूवर काही महिन्यांनी तपकिरी छटा येते आणि ती घाण समजून मालक घासून काढतात. ही छटा रक्षक द्रव्यांची आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कारखानदारांनी रबरात ओझोनरोधक रसायने व मेण मिसळण्यास सुरुवात केली. ती हळूहळू आतून पृष्ठावर येतात, मेणाचा पापुद्रा ओझोनला अडवितो, आणि रसायने रबराच्या आधी स्वतः ओझोनशी झुंजून खर्ची पडतात. चाक फिरत राहिले तर ही द्रव्ये पृष्ठापर्यंत येत राहतात, असे टायर-कारखानदार सांगतात. म्हणून नेमाने चालविलेल्या गाडीचे टायर पुष्कळदा उभ्या गाडीच्या टायरांहून ताजे दिसतात. हा पापुद्रा खरखरीत ब्रशाने, पेट्रोलाने किंवा चकाकीच्या मोहाने चोपडलेल्या तेलकट पॉलिशने काढून टाकणे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवून तिजोरीला रंग देणे होय.

तिसरा शत्रू उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारणतः दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम आहे. यावरून पत्र्याच्या छपराखाली, नागपूरच्या वैशाखात किंवा मुंबईच्या ऑक्टोबरात, टायराचे वय किती झपाट्याने वाढत असेल याची कल्पना करता येईल. चौथा शत्रू सूर्यप्रकाशातील अतिनील किरण; पाचवा पेट्रोल, डिझेल, ग्रीज व तेल, जे रबराला फुगवून मऊ करतात; आणि सहावा तांबे व मँगेनीज यांसारखे धातू, ज्यांच्या अल्प संसर्गानेही रबराचे ऑक्सिडीकरण वेग घेते. आपल्याकडे गाडी धुण्याच्या ठिकाणी खालून डिझेलचा फवारा मारण्याची वहिवाट दीर्घकाळ चालत आली आहे. नव्या गाडीला ती सोसवत असेल. जुन्या टायरांना ती विषासमान आहे, आणि कारागिराला तशी ताकीद आधीच देऊन ठेवावी.

शत्रूंची ही यादी पाहिली की साठवणीचे नियम आपोआपच सुचतात. जागा थंड, कोरडी, अंधारी आणि वाऱ्याच्या झोतापासून दूर असावी. तापमान शक्यतो २५ अंश सेल्सियसच्या आत राहावे, आणि आपल्या हवेत वर्षभर ते साधणे कठीण असल्याने इमारतीतील सर्वांत खालची, उत्तरेकडील, छपराखाली नसलेली खोली निवडावी. त्या खोलीत वेल्डिंगचा संच, ब्रश असलेली विजेची मोटार, बॅटरी चार्ज करण्याचे यंत्र किंवा पाऱ्याच्या वाफेचा दिवा ठेवू नये, कारण ठिणगी आणि विद्युत्-स्राव यांतून ओझोन निर्माण होतो. पुष्कळ गॅरेजांत रिकाम्या जागेचा उपयोग म्हणून टायरांची उतरंड नेमकी कॉम्प्रेसरच्या शेजारी रचलेली आढळते; ती आजच हलवावी.

रिमवरून काढलेला टायर आणि रिमवर चढविलेला टायर यांची ठेवण एकमेकांच्या उलट आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे. सुटा टायर जमिनीपासून वर, फळीच्या रुंद घोडीवर उभा ठेवावा आणि दर महिन्याला थोडा फिरवावा. खिळ्यावर टांगल्यास त्याची कड ताणून वाकते, आणि एकावर एक रचल्यास खालच्या टायराच्या बाजू चेपून त्या आकारातच बसतात. हवा भरलेले, रिमवर चढविलेले चाक मात्र टांगून ठेवता येते किंवा आडवे रचता येते; त्याने उभे राहण्याची आवश्यकता नाही. ठेवण्यापूर्वी सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन, सावलीत दोन-तीन दिवस पुरते वाळवून, प्रत्येक टायर जाड काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत शक्य तितकी हवा काढून बांधावा. वाळविण्यात घाई केली तर पिशवीत कोंडलेले पाणीच आतल्या सुताचा नाश करील. पांढऱ्या पट्ट्याचे टायर जवळ जवळ ठेवताना पांढरी बाजू पांढऱ्या बाजूकडे करावी, कारण काळ्या रबरातील द्रव्ये पांढऱ्यावर तपकिरी डाग पाडतात आणि ते डाग सहसा जात नाहीत. ट्यूबला बाहेरून शंखजिऱ्याची पूड लावून, थोडीशी हवा ठेवून, घडीची तीक्ष्ण कोर न पडेल अशी ठेवावी.

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर या सर्वांत पावसाळ्याची भर पडते. सह्याद्रीच्या पश्चिमेस चार महिने भिंतींना बुरशी येते, तेथे लोखंडी रिमचा गंज टायराच्या कडेला चिकटून बसतो, त्याचे सुटलेले पापुद्रे ट्यूबला आतून टोचतात, आणि तारेच्या आऱ्यांच्या चाकात आऱ्यांच्या टोकांवर घातलेली रबरी पट्टी कुजली की ट्यूब थेट लोखंडावर येते. म्हणून वैशाखात टायर उतरवून रिम घासून, गंजरोधक रंग देऊन, नवी पट्टी घालून ठेवण्याचा शिरस्ता पाडावा. अंगणात, गच्चीवर किंवा उघड्या शेडमध्ये टायर ठेवू नयेत, याला आणखी एक सार्वजनिक कारण आहे. टायराच्या पोटात साचलेले पावसाचे पाणी बाहेर काढणे कठीण असते आणि डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासांची पैदास अशा साचलेल्या स्वच्छ पाण्यातच होते. मुंबई महानगरपालिका पावसाळ्याच्या तोंडावर उघड्यावरील टायर हटविण्याची मोहीम काढते ती याचसाठी. आपला छंद शेजाऱ्याच्या घरातील तापाचे कारण होऊ नये, एवढी खबरदारी प्रत्येक संग्राहकाने घेतलीच पाहिजे.

गाडी उभीच ठेवायची असेल तर तिचे वजन टायरांवरून उतरविणे हा सर्वोत्तम उपाय. सपाट जमिनीवर जॅकने एक एक टोक उचलून एक्सलखाली भक्कम लोखंडी घोड्या द्याव्यात, म्हणजे स्प्रिंगांना आपला नेहमीचा भार राहील व चाके मात्र जमिनीपासून बोटभर वर राहतील. विटांच्या थप्पीवर किंवा नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये, कारण त्याखाली काम करणाऱ्या माणसाच्या जिवाची जोखीम असते. चाके उतरविता आली तर उतरवून वर सांगितल्याप्रमाणे ठेवावीत. न आली तर त्यांवर सुती आच्छादन घालून उजेड तोडावा. वजन उतरविणे शक्य नसेल तर टायरावर छापलेल्या मर्यादेच्या आत हवा नेहमीपेक्षा थोडी अधिक भरावी आणि दर महिन्याला गाडी पाव फेरा पुढे सरकवावी. नायलॉनच्या धाग्याचे टायर एका जागी दीर्घकाळ दबून राहिले की तेथे चपटेपणा येतो. तो ताजा असेल तर काही किलोमीटर चालविल्यावर निघून जातो, पण वर्षानुवर्षांचा असेल तर कायमचा राहतो आणि सुकाणूला धक्के देत त्याची आठवण करून देतो. गाडी पुन्हा रस्त्यावर काढण्यापूर्वी भरलेली हवा कमी करून योग्य दाबावर आणण्यास विसरू नये.

एवढी सारी निगा राखली तरी एक मर्यादा उरते, आणि माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे. जतनामुळे रबराचा ऱ्हास मंद होतो, थांबत नाही. मोटारींच्या अनेक कारखान्यांनी सहा वर्षांनंतर टायर बदलावा असे सुचविले आहे, टायर बनविणारे बहुतेक कारखाने निर्मितीपासून दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात, आणि ही मुदत टायर वापरला की नाही यावर अवलंबून नसते. २००० सालापासून टायराच्या बाजूवरील सांकेतिक क्रमांकाच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात व शेवटचे दोन वर्ष, म्हणजे ‘२३१५’ हा टायर २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. त्यापूर्वी तीनच अंक असत, आणि अधिक मागे गेले तर तारखेचा दाखला मिळतच नाही, कारखान्याचा अनुक्रमांक तेवढा मिळतो. १९२८–२९ च्या ‘मॉडेल ए’ फोर्डला ४.५०–२१ आणि १९३०–३१ च्या त्याच गाडीला ४.७५–१९ या मापाचे टायर लागत. एखाद्या वाड्याच्या कोठारात आजोबांच्या काळापासून ठेवलेला तसा टायर, नक्षी कोरी करकरीत असलेला, सापडला तर त्याची किंमत अमोल आहे. पण तो चाकावर चढवून तासाला पन्नास किलोमीटर वेगाने हाकणे म्हणजे आपल्यासह रस्त्यावरील इतरांचा जीव पणाला लावणे आहे. २०१३ साली कॅलिफोर्नियात एका अतिवेगवान मोटारीचा प्राणघातक अपघात झाला तेव्हा चौकशीत वेग हेच मुख्य कारण ठरले, परंतु टायर नऊ वर्षांचे असल्याने गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असावा हेही नमूद करण्यात आले. नऊ वर्षांच्या टायराची ही गोष्ट, मग नव्वद वर्षांच्या टायराविषयी काय बोलावे?

म्हणून ऐतिहासिक टायर आणि वापराचा टायर यांचे खाते पहिल्यापासून वेगळे असावे. पहिला हा दस्तऐवज आहे. त्याच्या बाजूवर उठविलेली कारखान्याची अक्षरे, त्याची नक्षी, त्याचे कापड, त्याचे माप यांतून त्या काळच्या उद्योगाची साक्ष मिळते, आणि त्याची दुर्मिळताही समजून घेण्याजोगी आहे. १९४२ साली जपानने मलाया व डच ईस्ट इंडीज जिंकून घेतल्यावर मित्रराष्ट्रांचा नैसर्गिक रबराचा बहुतेक पुरवठा तुटला, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या जूनमध्ये लोकांना घरचे जुने रबर पेट्रोल पंपांवर आणून देण्याचे आवाहन केले, आणि पौंडाला एक सेंट या दराने असंख्य जुने टायर त्या ढिगांत गेले. युद्धपूर्व काळातील जे टायर शिल्लक उरले ते अशा अनेक चाळण्यांतून उरले आहेत. त्यांना वस्तुसंग्रहालयाच्या शिस्तीने, रबरी वस्तूंसाठी काही संग्रहालये वापरतात त्या प्राणवायूरहित पिशवीत ठेवता आले तर उत्तमच. निदान रिमवर न चढविता, हवा न भरता, रुंद आधारावर, अंधारात ठेवावे. प्रदर्शनाच्या दिवशी गाडीवर ते मांडायचे झाले तर गाडी घोड्यांवर उचलूनच मांडावेत.

दुसरा टायर धावण्याचा. त्यासाठी जुन्या मापाचे आणि जुन्या रूपाचे, पण ताज्या रबराचे टायर आजही बनतात. अमेरिकेतील चॅटनूगा येथे १९५८ साली स्थापन झालेली कोकर टायर कंपनी जुन्या साच्यांवरून असे टायर काढण्यासाठी जगप्रसिद्ध आहे, आणि मिशलॅंसारखा मोठा कारखानाही जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र मालिका राखून आहे. भारतातील मालकाला येथे एक अडचण येते : जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरांची आयात निर्बंधित वर्गात घातल्याने परवान्याची तजवीज करावी लागते, आणि जकात व वाहतूक धरून खर्चही भरमसाट होतो. मिळविण्यास कठीण अशा या टायरांचे आयुष्य निष्काळजीपणाने घटविणे म्हणूनच अधिक अक्षम्य आहे. नव्या टायराची तारीख पाहूनच पैसे द्यावेत, कारण वखारीत पाच वर्षे पडलेला टायर हा आयुष्याचा अर्धा हिस्सा तेथेच घालवून आलेला असतो.

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे एक साधी नोंदवही. प्रत्येक टायराचा कारखाना, माप, अनुक्रमांक, निर्मितीची किंवा खरेदीची तारीख, हवेचा दाब, केव्हा फिरविला, केव्हा पिशवीतून काढून पाहिला, कोणत्या जागी भेग आढळली, हा तपशील एका पानावर लिहावा. शक्य असेल तर दरवर्षी त्याच उजेडात, त्याच बाजूचे छायाचित्र काढून तेथेच लावावे. भेगेची लांबी गतवर्षीपेक्षा वाढली की नाही, हे स्मरणावर सोडण्याजोगे नाही. संग्राहक वृद्ध होतात, मोटारी मुलाबाळांकडे जातात, आणि वारसाला कोठारातील पंधरा काळ्या वर्तुळांपैकी कोणते वारशाचे व कोणते भंगाराचे हे सांगणारा दुसरा साक्षीदार उरत नाही.

महाराष्ट्रातील ज्या घराण्यांच्या, संस्थांच्या आणि हौशी मालकांच्या ताब्यात अशा मोटारी आहेत, त्यांना आग्रहाची विनंती एवढीच की, या वर्षी पाऊस सुरू होण्यापूर्वी त्यांनी आपापल्या कोठारातील प्रत्येक टायर उजेडात आणून तपासावा, त्याची नोंद करावी आणि त्यावर ‘जतन’ किंवा ‘वापर’ यांपैकी एक शिक्का मारावा. जुन्या मोटारींच्या मंडळांनीही सभासदांसाठी एखादी थंड, कोरडी सामाईक खोली उभारण्याचा विचार करावा. एकट्याला न परवडणारी व्यवस्था दहाजणांना सहज परवडते. अस्सल जुना टायर भंगारात देऊ नये आणि त्यावर माणसे बसवून गाडीही हाकू नये. हे दोन निषेध पाळले, तर मोटारही टिकेल, तिचा इतिहासही टिकेल, आणि तिच्या मिरवणुकीला जमणारी माणसेही सुखरूप घरी जातील.